‘ह्यांचा श्वास थांबतो हो मॅडम’

"श्वास थांबला की मी उठून बसते, परत सुरू होईपर्यंत," ऐरोलीच्या बाई सांगत होत्या. शेजारी नवरा, रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर. "घोरतो मी. आमचे वडीलही घोरायचे," एवढं म्हणून तो खुर्चीतच पेंगायला लागला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

मग नेहमीचा प्रश्न आला, "झोपेत अटॅक तर येणार नाही?"

मी सांगितलं, ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा आतून मिटतो, छाती ओढ घेत राहते, हवा मात्र जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो आणि श्वास सुरू होतो. तुम्ही नुसतं बघत बसून त्यात फरक पडत नाही. पण दर वेळी नाडी धावते, बीपी चढतं. एरवी रात्री बीपी 10 ते 20 टक्के उतरतं. ह्यांच्या हृदयाला ती सुट्टीच नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की ठोके अनियमित होण्याचा, स्ट्रोकचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यांच्या फायलीत बीपीच्या तीन गोळ्या होत्या, तरी बीपी चढलेलंच. झोपेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, याचा मला राग येतो.

छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, केली. तासाला सरासरी 38 वेळा श्वासात अडथळा. 30 च्या पुढे तीव्र मानतात. सीपॅप मशीन सांगितलं आणि खरा पेच तिथे पडला. "व्हेंटिलेटर लावून बायकोशेजारी झोपू?" अहो, श्वास तुमचा तुम्हीच घेता, मशीन फक्त हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. आधी टीव्ही बघताना मास्क लावायचा, असं ठरलं. बाईंना सांगितलं, रोज सकाळी "किती तास लावलं?" हे विचारायचं नाही.

"मग अटॅक टळला ना?" त्यांनी विचारलं. तशी हमी मी देत नाही. 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयरुग्णांचे अटॅक मशीनमुळे ठळक कमी झाले नाहीत; अर्थात तिथे वापर रात्री सरासरी साडेतीन तासांहूनही कमी होता. बीपी थोडं उतरतं, दिवसाची पेंग जाते. ऐरोली पुलावर बाइक चालवणाऱ्याला तेवढं पुरेसं कारण आहे. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत आणि दारू घेऊन झोपायचं नाही.

आता ते मास्क लावतात. बाई अजूनही रात्री दचकून उठतात, म्हणून सध्या समुपदेशनाची सेशन्स त्यांचीच चालू आहेत.