चान्सेनकार्टसाठी सोनं तारण ठेवू का?

प्रश्न: वय ३१, चिंचवडला मेकॅनिकल डिझायनर, ८ वर्षं अनुभव. हातात पगार ७५ हजार, पत्नीचा ३८ हजार, मुलगी ३ वर्षांची. घरखर्च ४५ हजार, गृहकर्जाचा हप्ता २८ हजार. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ४ लाख. नोकरी सोडून चान्सेनकार्टवर (जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्यासाठीचा व्हिसा) तिकडे जाऊन काम शोधायचा विचार आहे. त्यासाठी सोन्यावर ५ लाख काढू का? एक एजंट ३ लाखांत नोकरीची हमी देतो आहे.

उत्तर: सोनं काढू नका आणि राजीनामाही इतक्यात देऊ नका. जर्मनीचा विचार चुकीचा नाही, क्रम चुकतो आहे.

या कार्डासाठी वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. २०२५ च्या दराने महिना १,०९१ युरो, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे आधी भरायचे आणि दरमहा ठरावीकच काढायचे, असं खातं) १३,०९२ युरो. युरो १०० रुपये धरला तर १३ लाख, तुमची सगळी शिल्लक. बरेच जण याला ठेव समजतात, पण तो वर्षभराचा घरखर्च आहे: दरमहा १,०९१ सुटतात आणि खोलीभाडं, किराणा, विम्यात संपतात. भाड्याचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं (कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, घरमालक आपणहून सांगेलच असं नाही). आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम चालतं, पण जर्मन न येणाऱ्याला तेही पटकन मिळत नाही.

इकडे चिंचवडला ७३ हजारांच्या खर्चासमोर ३८ हजार येतील. महिना ३५ हजारांचा खड्डा, वर्षाला ४ लाख २० हजार. सोन्याचे ५ लाख त्यातच जाणार, वर व्याज १० टक्के धरलं तरी महिना ४ हजारांवर.

एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम बाहेर पाठवली की वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला आयकर) कापला जातो, तुमच्या बाबतीत ६० हजारांच्या आसपास. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण ऐन गरजेच्या वेळी अडकतो. अर्धी रक्कम मार्चमध्ये, अर्धी एप्रिलमध्ये पाठवली तर कापला जाणार नाही. मात्र खातं देणाऱ्या कंपनीला दोन हप्ते चालतात का, ते आधी विचारा.

आता दुसरी वाट. पुण्यातूनच अर्ज करून करार मिळवला तर ब्लॉक्ड अकाउंट लागतच नाही. इंजिनिअरसाठी ब्लू कार्डाची (नोकरी हातात असलेल्या उच्चशिक्षितांचा परवाना) किमान पगाराची अट २०२५ मध्ये वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती. शिवाय ब्लू कार्डावर पत्नीला तिथे नोकरी करता येते. चान्सेनकार्टवर कुटुंब सोबत नेता येईल असं धरून चालू नका. तुमचा नोटिस पिरियड ९० दिवसांचा असला तरी तो आड येत नाही, तिथे तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते.

अडेल ती भाषा. चान्सेनकार्टला लागणारे सहा गुण जर्मनशिवाय जमतील: वयाचे २, अनुभवाचे ३, तिथे माणसं कमी पडतात अशा व्यवसायाचा १. पण ड्रॉइंगवरच्या सूचना आणि सप्लायरचे फोन जर्मनमध्येच असतात, म्हणून बी-१ (भाषेची मध्यम पातळी) शिवाय मुलाखतीपर्यंत पोचणं कठीण. पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाला. आज महिना ४० हजार शिल्लक पडतात. दहा महिन्यांत ४ लाख होतील. भाषा होईल आणि सोन्याची गरजही संपेल.

तेवढ्यात मुलाखती होऊनही ‘इथे असाल तर बघू’ एवढंच ऐकू येत राहिलं, तर एफडी आणि फंड ब्लॉक्ड अकाउंटला लावून चान्सेनकार्ट घ्या. नवे ४ लाख घरासाठी राहू द्या.

एजंटला नाही म्हणा. परदेशी भरतीसाठी नोंदणीकृत एजंटला ३० हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव तपासा. नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही.

नोकरी लागली तरी वर्षाला ४४ हजार युरोंच्या पगारातून हातात महिना २,४०० युरोच्या आसपास येतील. प्रोबेशनच्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, तेव्हा तोवर पत्नीने इथली नोकरी सोडू नये. कंपनीचा आरोग्यविमा राजीनाम्यासोबत संपतो, म्हणून पत्नी-मुलीची पॉलिसी निदान दोन महिने आधी घ्या. अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस क्लेम मिळत नाही.