तीन पाळ्यांना तीन माणसं पुरत नाहीत

प्रश्न : आमच्या वृद्धनिवासात २४ जण राहतात, त्यांपैकी ६ जण अंथरुणाला खिळलेले आहेत. तिन्ही पाळ्यांना दोन-दोन मदतनीस हवेत म्हणून सहा जण नेमले. तरी सतत कुणाला तरी डबल ड्युटी करावी लागते आणि कंटाळून ते काम सोडतात. काय चुकतंय?

उत्तर : सहा जणांत हे भागणारच नाही. एक जागा, म्हणजे प्रत्येक पाळीला एक मदतनीस, चोवीस तास भरलेली ठेवायची, तर वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, रजा-आजारपणाचे ३० दिवस आणि प्रशिक्षणाचे ५ दिवस वजा केले, की एका माणसाकडून २७८ पाळ्या मिळतात. म्हणजे एका जागेला जवळपास चार माणसं आणि तुमच्या दोन जागांना आठ. सहा जणांत आठवड्याला दहा पाळ्या कमी पडतात. तीच तुमची डबल ड्युटी.

आता कामाकडे बघा. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आठ तासांत सहा जणांच्या मिळून २४ वेळा. दोघांनी मिळून डायपर तपासण्यासह प्रत्येक वेळी दहा मिनिटं धरली, तरी दोघांचेही चार तास त्यातच जातात. तेवढ्या वेळात उरलेल्या अठरा जणांच्या हाकेला कोण जाणार? मग एकटीच मदतनीस माणूस उचलते आणि कंबर धरून बसते. सकाळी ७ ते १० या अंघोळ-नाश्त्याच्या वेळेला तिसरी व्यक्ती अर्धवेळ घ्या. पूर्ण पाळी ज्यांना जमत नाही, त्यांना तीन तास जमतात, त्यामुळे अशी माणसं मिळणं तुलनेनं सोपं.

प्रश्न : जाहिरातीला फोन खूप येतात, पण नवीन लोक पंधरा दिवसांत जातात.

उत्तर : ‘सेवाभावी व्यक्ती हवी’ एवढंच छापलं असेल, तर दुसरं काय होणार! पगाराचा आकडा, पाळीच्या वेळा, महिन्यातल्या रात्रपाळ्या आणि डायपर बदलणं, उचलणं, भरवणं ही कामं स्पष्ट लिहा. फोन कमी येतील, येऊ द्या. निवडीआधी अर्धी पाळी मोबदला देऊन काम बघायला बोलवा. मुलाखतीत ‘आजी अंघोळीला नाहीच म्हणतात, काय कराल?’ असं विचारा. जबरदस्तीचं उत्तर देणाऱ्याला घेऊ नका.

पहिले दोन आठवडे नवीन माणूस पाळीच्या संख्येत धरायचा नाही. एकाच जुन्या मदतनीसाबरोबर ठेवायचा, रात्रपाळीला एकटा सोडायचा नाही. माणसं पळतात ती बहुतेक याच टप्प्यावर. पाळ्यांचा तक्ता चार आठवडे आधी लावा. आदल्या संध्याकाळी फोन करून पाळी बदलणं हे कमी पगाराइतकंच माणसं घालवतं.

प्रश्न : चारित्र्य पडताळणी होईपर्यंत थांबायचं का?

उत्तर : प्रशिक्षण सुरू करा, पण औषधं, पैसे आणि बंद खोलीत एकटं काम देऊ नका. आधीच्या ठिकाणी फोन करून एवढंच विचारा : ‘पुन्हा कामावर घ्याल का?’ समोरचा अडखळला, तर आणखी चौकशी करा.