वासे मोजायचे म्हणजे नेमकं काय मोजायचं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा आहे. चौथीच्या वर्गात ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा वाक्प्रचार आला. एका मुलाने अर्थ सांगितला, ‘जेवून झाल्यावर कोणकोणत्या भाज्यांचे वास आले ते मोजायचे.’ बाईंनी समजावून सांगितलं, पण खरा वासा, म्हणजे छपराचं तिरपं लाकूड, दाखवायचा कुठे? गावात बहुतेकांची घरकुलं झालीत, डोक्यावर स्लॅब नाहीतर टिनं. त्या विचारतात, वासा आणि वास यांचं काही नातं आहे का? आणि गवती घराचे हे शब्द पोरांना सांगावेत कसे?

नातं काही नाही. वासा आला संस्कृत ‘वंश’ वरून, आणि वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी, म्हणून घराण्यालाही वंश. पूर्वी हा शब्द ‘वांसा’ असा लिहीत, डोक्यावरचा तो अनुस्वार म्हणजे वंशाची खूण. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि ‘वासा’ दिसायला ‘वास’सारखा झाला. तरी पोरांना एक सोपी कसोटी देता येईल. एक हात, दोन हात. तसा एक वास, दोन वास. एक मासा, दोन मासे. तसा एक वासा, दोन वासे. त्या मुलाने हे लावून पाहिलं असतं तर भाज्या वाचल्या असत्या!

आता घर. माझं आजोळ दारव्ह्याकडचं. दुपारी जेवून बाजेवर उताणं पडलं की वर छत नसायचंच, थेट आढं आणि त्यावरून दोन्ही अंगांनी उतरलेले वासे. मी बोटाने मोजायचो. डावीकडचा सातवा वाकडा होता, त्याला लसणाची जुडी टांगलेली. मामा दारातून ओरडायचा, “काऊन बे, जेवला अन् वासे मोजून राह्यला का?” सगळे हसायचे, मला कळायचं नाही. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच घराची मोजदाद करायची, म्हणजे उपकार विसरून त्याच्या वाइटावर टपायचं, हे फार उशिरा कळलं.

आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. वळचण म्हणजे छपराची खालची, भिंतीबाहेर आलेली कड. छप्पर शाकारताना गवताच्या पेंढ्या वळचणीपासून बांधायला घेतात आणि वर वर आढ्यापर्यंत जातात, म्हणजे वरची पेंढी खालचीवर चढते आणि पाणी आत न शिरता घसरतं. माणूस वळचणीकडून आढ्याकडे, पाणी आढ्याकडून वळचणीकडे. ‘आढ्याचं पाणी वळचणीला’ ही म्हण पोरांना फळ्यावर दोन तिरप्या रेघा ओढून सांगा, पुरे.

भिंत म्हणजे कूड. आपल्या वऱ्हाडात तुराट्या किंवा पराट्या, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्या, उभ्या बांधून दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, बांबूच्या कामट्यांचा कूड, आणि वर रानातलं गवत नाहीतर धानाची तणस. कापूस-तूर निघाली की भिंतीचं सामान शेतातच उभं! गवताच्या पोकळ काड्यांत हवा अडकते, म्हणून मे महिन्यात टिनाखाली भाजतं आणि गवताखाली दुपारची झोप लागते. पण आग आणि वाळवी या दोघांपुढे त्या घराचं काही चालत नाही, हेही सांगावं. उगाच गोडवे नकोत.

शाकारणे हा शब्द पुस्तकात सापडेल. आपल्याकडे पावसाळ्याआधी जास्त ऐकू येतं ते ‘कवेलू फेरणे’, कारण गवत गेलं तिथे कवेलू आले. पुण्याकडचे त्यालाच कौल म्हणतात. बाईंनी दोन्ही शब्द सांगावेत, आणि आधी कवेलू.

घरकुलाची गंमत मात्र निराळी. शब्दात लहानसं, लाडाचं घर आहे. आता ‘घरकुल आलं’ म्हणजे यादीत नाव आलं.

कुणाच्या शेतात राखणीची झोपडी अजून उभी असेल तर वर्ग तिथे न्या. पोरांना आधी आडवं पडायला सांगा. उभ्याने वासे नीट मोजता येत नाहीत.