मुलाचा बायपोलर वडिलांसारखाच दिसेल का?

ताई, तुमच्या मिस्टरांना बायपोलर, म्हणजे मूड उदासी आणि उन्माद अशा दोन टोकांना जाण्याचा आजार आहे आणि लिथियमच्या गोळीवर ते स्थिर आहेत. १४ वर्षांचा मुलगा मात्र दिवसातून चारदा भडकतो, दारं आपटतो, रात्री उशिरापर्यंत जागा असतो. हा तोच आजार का, आणि वडिलांचीच गोळी कमी प्रमाणात चालेल का, असं तुम्ही विचारलंय. गोळीचं आधी सांगते: अजिबात देऊ नका. लिथियमचा डोस रक्तातली पातळी बघून ठरवतात, किडनी आणि थायरॉइड तपासून मगच सुरू करतात. लागू पडणारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं.

आता आजाराचं. मी स्वतः पेशंट आहे आणि माझ्या मुलीचंही निदान ती शाळेत असतानाच झालं, त्यामुळे दोन्ही रूपं घरातच पाहिली आहेत. माझं सगळं पुस्तकात असतं तसं. लांबलचक डिप्रेशन, मग मॅनिया म्हणजे उन्माद, मधे बऱ्यापैकी स्वच्छ काळ. मुलीचं तसं नव्हतं. एकदा रात्री अडीच वाजता कपाटातली सगळी पुस्तकं जमिनीवर काढून ती रंगांप्रमाणे लावत बसली होती. तोंडाची टकळी चालू, मधेच हसायची, मधेच 'मला जगायचंच नाही' म्हणून हुंदके द्यायची. सकाळी पाहावं तर टवटवीत! जेमतेम दोन तास झोपून. असे कितीतरी दिवस सलग गेले.

निकष लहान-मोठ्यांना एकच आहेत: मॅनिया म्हणायला किमान आठवडाभर, हायपोमॅनियाला (त्याच्या सौम्य रूपाला) किमान ४ दिवस मूड आणि अंगातली ऊर्जा दोन्ही बदललेली हवीत. पण मुलांमध्ये उन्माद आणि उदासी एकमेकांत मिसळलेली जास्त दिसते, मूड लवकर पालटतो, आणि दोन एपिसोडच्या मधला काळही पुरता निवळत नाही. शिवाय मोठा माणूस मॅनियात कर्ज काढतो, नोकरीचा राजीनामा देऊन टाकतो. पोराच्या हातात ना पैसा ना अधिकार. ते मग शिक्षकांनाच शिकवायला निघतं, जीव धोक्यात घालणारे खेळ करतं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलतं.

नुसती चिडचिड मात्र कशानेही होते. एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा), चिंता, डिप्रेशन, वर्गातला छळ, नशा, साधी अपुरी झोप. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या डॉक्टर-भेटींमध्ये बायपोलरच्या निदानाचं प्रमाण ४० पट झालं. एवढ्या वर्षांत आजार ४० पट होत नसतो, शिक्का मारणं वाढतं. म्हणून २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकात कायम चिडखोर असणाऱ्या आणि वारंवार थयथयाट करणाऱ्या मुलांसाठी डीएमडीडी नावाचं वेगळं निदान आलं. अशी मुलं मोठी झाल्यावर बायपोलरपेक्षा डिप्रेशन आणि चिंतेकडे जास्त जातात, असं पाठपुराव्यात दिसलेलं आहे.

त्यामुळे मुलगा किती चिडतो याकडे कमी बघा. तो त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा कधीपासून वेगळा वागायला लागला, हे शोधा. दोन वर्षं असाच असेल तर ती एक गोष्ट. गेल्या महिन्यात दहा दिवस एकदम निराळाच मुलगा घरात वावरत होता, ही अगदीच दुसरी. झोपेचंही तसंच. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतंच. रात्री एकपर्यंत जागून सकाळी उठता न येणं मला फारसं घाबरवत नाही. तीन तास झोपून दिवसभर न थकणं घाबरवतं.

म्हणून दुर्लक्षही करू नका हं. प्रौढ पेशंटच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांची सुरुवात अठराच्या आधीची निघाली. आई किंवा वडील पेशंट असले तर मुलाला धोका साधारण ५ ते १० टक्के धरतात, इतरांना १ टक्क्याच्या आसपास. जास्त आहे, पण बहुतेक मुलांना होत नाही हेही त्यातच आलं. सुरुवात बरेचदा डिप्रेशननेच होते, म्हणून कोणी त्यावर गोळी लिहून द्यायच्या आत वडिलांचं निदान डॉक्टरांच्या कानावर घाला. नुसत्या अँटीडिप्रेसंटने मॅनिया उफाळू शकतो.

औषधांचं गणितही वेगळं. मुलांच्या मॅनियात रिस्पेरिडोन हे औषध लिथियमपेक्षा आणि व्हॅल्प्रोएट या आणखी एका औषधापेक्षा सरस ठरलेलं आहे, पण वजन भराभर वाढतं, साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. मुलींना व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, पुढे गरोदरपणात बाळाला व्यंगाचा मोठा धोका असतो. मुलगा असो की मुलगी, अख्ख्या घराला बसवून केलेलं समुपदेशन कामाला येतं. आमच्याकडे माझ्या नवऱ्याचं ओरडणं त्यामुळेच थांबलं, हे जाता जाता.

तुम्ही आजपासून वहीत लिहा: झोपला कधी, उठला कधी, अंगात जोर किती, मूड कसा. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या, कारण फक्त घरीच भडकणारा आणि सगळीकडे भडकणारा यांत फरक असतो. हे घेऊन मुलांच्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मरण्याचं बोलायला लागला, दोन-तीन रात्री जवळपास झोपलाच नाही किंवा आवाज ऐकू येतात म्हणाला, तर वही तिथेच ठेवा आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.