जीभ राहू द्या, स्ट्रॉबेरी चिरडा

तुम्ही विचारलंय की नववीच्या पंचेचाळीस मुलांना डीएनए आणि आनुवंशिकता हाताने काहीतरी करून कशी शिकवावी. प्रयोगशाळा नावालाच आहे म्हणता. शिवाय घरच्यांची जीभ वळते का, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, असा तक्ता मुलांकडून भरून घ्यावा का, हेही विचारलंय. खरं सांगते, या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसले. तक्ता भरून घेऊ नका.

मी पाचगणीच्या खालच्या अंगाला एका शाळेत विज्ञान शिकवायचे. एका वर्षी नववी आमच्या ज्येष्ठ सरांकडे होती. त्यांनी हाच तक्ता गृहपाठाला दिला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: जीभ वळणं प्रभावी (एकाच पालकाकडून आलं तरी दिसणारं), न वळणं अप्रभावी (दोघांकडून आलं तरच दिसणारं), म्हणजे आईवडील दोघांचीही वळत नसेल तर मुलाची वळणारच नाही. एका पोराची मस्त वळत होती आणि घरात दोघांचीही वळत नव्हती. सर हसून म्हणाले, "मग तू कुणाचा रे?"

वर्ग खदाखदा हसला. असला विनोद संध्याकाळपर्यंत पारावर पोचतो. पोरगा चार दिवस शाळेत आला नाही.

पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. आईने बसा म्हटलं नाही. वडील पडवीत स्ट्रॉबेरी निवडत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, चूक तक्त्यात आहे, तुमच्या घरात नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्येही एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची वळत नाही, असं सापडलेलं आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सरांचं चुकलं?"

"चुकलं."

"मग हे वर्गात सांगा, बाई. इथं सांगून काय उपयोग?"

मी वर्गात जाऊन सांगितलं, सरांच्या तासाला, सरांसमोर. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच: गाईडमध्ये छापलंय, वीस वर्षं शिकवतोय. म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवते. जीभ वळण्यामागे एकच प्रभावी जनुक (डीएनएमधला गुण ठरवणारा तुकडा) असावं, असं 1940 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने मांडलं. जनुकांचा पहिला नकाशा काढणारा तोच. 1952 मध्ये मॅटलॉक नावाच्या संशोधकाने एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या; अशा जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, तरी त्यातल्या सात जोड्यांत एकाची वळायची, दुसऱ्याची नाही. जपानमध्ये लहान मुलांपेक्षा मोठ्या मुलांत जीभ वळवणारे जास्त निघाले, म्हणजे काहीजण वाढता वाढता शिकतात. 1965 मध्ये खुद्द स्टर्टेव्हंटनेच लिहिलं की हे उदाहरण अजून पक्कं म्हणून छापलं जातंय याची लाज वाटते. ज्याने मांडलं त्याने सोडलं, गाईडवाल्यांनी नाही सोडलं. कानाच्या पाळीचंही तेच, एका जनुकाचं ते काम नाही.

आता तुमचा प्रश्न. त्याच हंगामात त्या वडिलांनी पोराच्या हाती मऊ पडलेल्या स्ट्रॉबेरीचा एक ट्रे पाठवला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी त्याचा प्रयोग केला. दोनतीन फळं जाड पिशवीत घालून मुलांना चुरडू द्या. अर्धी वाटी पाणी, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड, अर्धा चमचा मीठ हे त्यात हलक्या हाताने मिसळा, फेस होऊ देऊ नका. फडक्यातून काचेच्या ग्लासात गाळा. मग फ्रीजरमध्ये गार केलेलं स्पिरिट, जेवढा रस तेवढंच, ग्लासच्या कडेने हळूच सोडा. आमच्याकडे फ्रीज नव्हता, बाटली रात्रभर आईस्क्रीमवाल्याकडे ठेवली होती. रसाच्या वर पांढरे, कापसासारखे धागे तरंगायला लागतात, ते काडीने उचलता येतात. साबण पेशीचं पटल फोडतो, मिठामुळे धागे एकमेकांना धरतात आणि स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे (डीएनएच्या गुंडाळ्यांचे) दोन संच असतात, शेतातल्या स्ट्रॉबेरीत आठ, त्यामुळे माल भरपूर निघतो. धागे वर आले की मुलांना सांगा, 1869 मध्ये मीशर नावाच्या शास्त्रज्ञाने हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं ते जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून. वर्ग "ईऽऽ" करतो आणि नाव विसरत नाही.

वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम काढणाऱ्या मेंडेलसाठी प्रत्येकाला दोन नाणी द्या, एकेक नाणं म्हणजे एकेका पालकाकडून आलेलं जनुक. छापा प्रभावी, काटा अप्रभावी. दोन्ही काटे पडले तरच बुटकं झाड. वीस वेळा उडवा. नेमकं पंधराला पाच असं साधारण पाचातल्या एखाद्याचंच येतं, बाकीची मुलं कुरकुरतात. मग सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडा, ती तीनास एकच्या जवळ जाते. मेंडेलचे गोल दाणे 5474 आणि सुरकुतलेले 1850 होते, हे तेव्हा सांगा. इतके दाणे मोजत का बसला, ते मुलांना आपोआप कळतं.

डीएनएचं थर्माकोलचं मॉडेल करणारच असाल तर पीळ बघा. साध्या स्क्रूचे आटे जसे फिरतात तसा डीएनए फिरतो. विज्ञान प्रदर्शनात मी उलटी फिरलेली मॉडेल्स बक्षीस घेताना बघितली आहेत. परीक्षकांत आमचे सरही असायचे.

रक्तगट मात्र खरोखर पालकांकडून नियमाने येतो. तरी घरून मागवू नका, उलट म्हणूनच मागवू नका. कुठल्या घरात काय दडलंय, दत्तक मूल आहे का, हे वर्गात उघड करायचा आपल्याला हक्क नाही. फळ्यावर खोटं कुटुंब काढा, त्याचे रक्तगट सोडवायला द्या.

सर मागे एका लग्नात भेटले. म्हणाले, "बाई, विनोदाचं तुम्ही उगाच मोठं केलंत." तो मुलगा त्यांना आठवत नव्हता.

दोन गोष्टी राहिल्या. स्ट्रॉबेरीचे ते धागे निव्वळ डीएनए नसतात, त्यात प्रथिनं आणि बाकी गाळही असतो, मुलांना तसं सांगा. आणि स्पिरिट पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या, जवळ स्टोव्ह नको, बाटली तुमच्याच हातात. उरलेला रस लगेच फेकून द्या. आमच्याकडे एकाने स्ट्रॉबेरी म्हणून चाटून बघितला आणि तासभर थुंकत बसला.