एहराममध्ये कानटोपी घातली, सुगंधी साबण वापरला: दमाचा बकरा गावी कापता येतो का?

तुमचे वडील रत्नागिरीचे, शाफई (सुन्नी मुसलमानांतलं एक धर्मशास्त्रीय मत मानणारे). उमऱ्याच्या एहराममध्ये (यात्रेतली नियमबद्ध अवस्था, त्यात पुरुषाने डोकं झाकणं आणि सुगंध वर्ज्य) डोकं फार दुखत होतं म्हणून रात्रभर कानटोपी घालून झोपले, आणि विसरून सुगंधी साबणाने हात धुतले. आता घरी परतलेत.

गावी बकरा कापून दम, म्हणजे नियम मोडल्याच्या भरपाईचा बळी, होत नाही. तो हरमच्या (मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या) हद्दीतच कापावा लागतो. मक्का, मिना चालतं. जेद्दा आणि अराफात हद्दीबाहेर. पण मुळात बकराच हवा असं नाही.

साबणाचं आधी. शाफई मतात विसरून सुगंध लागला तर फिदया (भरपाई) नाही, फक्त आठवल्याबरोबर धुऊन टाकायला हवा. हनफी या दुसऱ्या सुन्नी मतात विसरण्याची सवलत नाही. सुगंध किती अंगाला लागला त्यावर सदका (दान) की दम ते ठरतं. म्हणून हनफी शेजाऱ्याचं उत्तर तुम्हाला लागू करू नका. घोळ बहुतेक इथेच होतो.

टोपी मात्र जाणूनबुजून घातली, तेव्हा फिदया आहे. आजारपणामुळे गुनाह नाही, फिदया तरीही द्यायचा. मक्केजवळच्या हुदैबियाला पैगंबरांचे साथी कअब बिन उजरा यांच्या डोक्यात उवा इतक्या झाल्या की चेहऱ्यावर पडत होत्या. त्यांना पैगंबरांकडून केस काढायची परवानगी मिळाली आणि तीन पर्यायही: तीन रोजे, किंवा सहा गरिबांना प्रत्येकी अर्धा साअ (जुनं माप) धान्य, किंवा एक बकरी. टोपीलाही हेच तीन पर्याय, त्यातला कुठलाही निवडा. धान्यही हरममधल्या गरिबांनाच द्यावं लागतं, म्हणजे तिथे माणूस शोधणं आलं. रोजे मात्र घरी चालतात, सलग नसले तरी. मी असतो तर रोजेच ठेवले असते. नियत फज्रच्या (पहाटेच्या नमाजाच्या वेळेच्या) आधी करायची, सकाळी उठून नव्हे. दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस टाळायचे.

रोजे झेपत नसतील तर तिथल्या कुणाकडून बकरा कापून घ्या, पण ‘कुर्बानी’ न म्हणता ‘फिदया’ सांगा. हे मटण सगळं गरिबांचं. तुम्ही किंवा वडिलांनी त्यातलं खायचं नाही.

आणि एक विचारून घ्या: सईनंतर (सफा-मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्यांनंतर) केस कापले होते ना? शाफईंत किमान तीन केस लागतात. तेही राहिले असतील तर एहराम सुटलेलाच नाही, हिशोबच बदलतो. मौलानांना पहिल्यांदा तेच सांगा.