वडिलांचा व्यवसाय : नोकरी?

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत 27 वर्षं झाली. आयटीआय टर्नर. सुरुवात साध्या लेथवर, आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर आहे, मशीन लावून देतो, नवीन पोरं माझ्याकडेच शिकतात. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना आला, मी म्हटलं आपला कसला व्यवसाय, नोकरी लिही. तर ती म्हणे पप्पा तिथं ऑक्युपेशन विचारलंय, आणि वर म्हणते तुमचा जॉब आहे, करिअर वेगळं असतं. राग नाही आला पण डोक्यातून जात नाहीये. नेमका फरक काय?

उत्तर : दादा, अर्धा गोंधळ आपल्या मराठीचाच आहे. बोलताना व्यवसाय म्हणजे गाळा, दुकान, स्वतःचा धंदा, पगारी माणूस व्यवसाय करतो असं कोणी म्हणतच नाही. फॉर्मात मात्र त्याचा अर्थ पोटापाण्यासाठी तुम्ही कुठलं काम करता एवढाच. मग 'नोकरी' लिहून काय कळणार, बँकेतला कॅशियरपण नोकरीच करतो आणि सिन्नरच्या कारखान्यातला हेल्परपण. सरकारची कामांची एक वर्गवारी आहे, 2015 ची, तिच्यात एकेका कामाला आठ आकडी कोड दिलाय, तो कामाला असतो, कंपनीला नाही. तर सीएनसी सेटर लिहा, विषय संपला.

करिअरची गोष्ट मजेशीर आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मूळ लॅटिनमधल्या गाडीच्या शब्दात, म्हणजे अर्थ गाडीरस्ता. कार पण त्याच घरातली. आपल्याकडे गाडीच्या चाकांनी वाट पडते तिला चाकोरी म्हणतात, आणि बघा ना, आपण चाकोरीतलं आयुष्य म्हणजे कंटाळवाणं म्हणतो अन् त्यांनी त्याच वाटेला एवढा भाव दिला! तर व्यवसाय म्हणजे आज गाडी कुठं उभी आहे ते, आणि करिअर म्हणजे मागं वळून बघितलं की दिसते ती सगळी वाट. तुम्ही हाताने हँडल फिरवत कट घेत होतात, आता मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, टाकून पहिला पीस मायक्रॉनमध्ये बसवता, त्याला वाट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मला खरं खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यातला जुना माणूस काडी बघून कुठल्या डोळ्यावर, म्हणजे फुटव्याच्या जागी, कात्री मारायची ते सांगतो, अख्खा बाग त्याच्या नजरेवर चालतो, पण पुढच्या वर्षी तो परत त्याच टोळीत, त्याच वाट्यावर. शिकतो तोही, फक्त त्याला वरची जागाच कोणी ठेवलेली नाही, म्हणून त्याच्या कामाला करिअर म्हणायचं कोणाला सुचत नाही.

बाकी जॉबचं म्हणाल तर तुमच्या शॉपमध्ये जॉब म्हणजे चकमध्ये, मशीनच्या पकडीत, बांधलेला तुकडा. रिजेक्ट झालेला एखादा साहेबांना विचारून घरी न्या आणि पोरीच्या हातात व्हर्नियर देऊन म्हणा, घे, मोज हा जॉब.